कूलर बंद ठेवा

शूटिंगवाले तांडापेठेत आले तेव्हा
पारा पंचेचाळीसवर होता.
हेडाऊंच्या मृणालीला टीव्हीत घेतलं होतं,
आता तिच्या घराची 'स्टोरी' पाहिजे, म्हणाले.
आवाज येतो म्हणून गल्लीतले सगळे कूलर बंद.
ते काम माझ्याकडे आलं.
कूलर मीच दुरुस्त करतो,
कोणाचा पंप कोणत्या सॉकेटात, मला ठाऊक.

नऊ कूलर बंद केले.
नवव्यानंतर जी शांतता झाली
तिच्यात पहिल्यांदा ऐकू आलं
आमच्या गल्लीत एवढी माणसं खोकतात.

मृणालीच्या आईला मागासमोर बसवलं.
माग बारा वर्षांपासून बंद, त्यावर गाद्या ठेवायचे.
गाद्या उतरवल्या. धूळ राहू द्या, म्हणाले.
"आंटी, अंकल गेले तो दिवस सांगा."
वैनीनं सांगितला. सरळ,
राशनच्या दुकानात कार्ड नंबर सांगावा तसा.
"छान. आता परत एकदा, थांबत थांबत."
दुसऱ्यांदाही डोळे कोरडे.
तिसऱ्यांदा घाम भुवईवरून घरंगळला,
गालावर आला,
आणि कॅमेऱ्यावरचा पोट्टा हलकेच म्हणाला, मिळालं.

मी दारात उभा होतो, हातात टेस्टर.
बोललो नाही.
मलाही पाहायचं होतं ना, बाप्पा.

शनिवारी रात्री साडेनऊला
तो घाम अख्ख्या गल्लीनं अश्रू म्हणून पाहिला.
खाली सारंगी वाजत होती.
माझी बायको रडली. मी रडलो,
मी, ज्यानं कूलर बंद केले होते.
आणि वैनी स्वतः,
पडद्यावरच्या बाईकडे पाहून पदर तोंडाला लावून म्हणाली,
"बिचारी एकटीच दिसून राहिली रे."

पूर्वी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो.
संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सतरंज्या टाकायच्या.
पराते नवराबायकोचं भांडण,
निखाऱ्यांच्या सुनेचं मुसमुसणं,
कोणी कोणाचे पैसे बुडवले,
सगळं अंधारातून यायचं
आणि आपण झोपेचं सोंग घ्यायचो.
सकाळी कोणी काही विचारत नसे,
फक्त त्या सुनेचा हंडा
नळावर आधी कोणीतरी भरून ठेवलेला असायचा.

आता खिडकीत कूलर.
त्याच्या घरघरीत शेजारी मेला तरी पत्ता नाही.
म्हणून बटण दाबतो
आणि कुठल्या तरी घरात कोंडलेल्या
बारा अनोळखी लोकांची भांडणं ऐकत जेवतो.
सोंग घ्यावं लागत नाही.
हंडा भरावा लागत नाही.

पाचव्या आठवड्यात मृणाली बाहेर पडली.
गाडीतून उतरली तेव्हा हार घालायला
चौकात मोजून सहा जण होते.
पंपाची मोटर बदलता बदलता मी विचारलं,
काहून गेली होतीस बाई इतक्या लांब?
ती बोलायच्या आधी थांबली,
चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला. सवय.
"काका, इथं भांडी घासताना गायली
तर आई म्हणे, आवाज कमी कर.
तिथं एक माणूस होता,
त्याचं कामच माझ्या आवाजाची वायर सांभाळणं.
मी नुसती उसासली तरी
कानावरचा हेडफोन दाबून धरायचा."
"आणि रडलीस तर?"
"अजून जवळ यायचा."

त्याचं नाव विचारलं. तिला माहीत नव्हतं.

मोटर लागली, पाणी चढलं, ताट्या भिजल्या.
खसाचा वास घरभर झाला.
मी पाने गोळा करत होतो तेवढ्यात ती म्हणाली,
"काका, दोन मिनिटं बंदच ठेवा ना.
आईला एक गोष्ट सांगायची आहे."

मी प्लग काढला.
वैनी आतून हात पुसत आली, मागाला टेकून बसली.
माझं काम झालं होतं.

चपला घालायला मी
नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला.